सत्तेचाळीस नंबरचा आवाज

"तेवढं वरचं टोक धरता का?"

जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी तो उभा होता आणि त्याच्या पुढ्यात माझ्या छातीइतका उंच, काळा स्पीकर. लिफ्टच्या दारावर 'बंद' अशी पाटी लटकत होती. मी मागे वळून पाहिलं. माझ्याशिवाय तिथे कोणीच नव्हतं.

"मी?"

"तुम्ही वरच चाललात ना? तिसऱ्या मजल्यापर्यंतच न्यायचाय. तुम्ही नुसता आधार द्या... वजन सगळं माझ्याकडे येईल."

खरं म्हणजे मी भांडायला चालले होते. भांडायला निघालेल्या माणसाने वाटेत कोणाचं सामान उचलू नये, सगळं अवसान जातं. पण त्याने बाह्या वर सरकवल्या, माझ्याकडे बघून जरासा हसला, आणि मी मुकाट्याने बॅग पाठीवर टाकून त्या स्पीकरचं टोक धरलं.

पहिल्या वळणावर आम्ही दम खायला थांबलो.

"वर कोणाकडे काम आहे?" त्याने विचारलं.

"एक तांत्रिक तपासनीस बसतो म्हणे तिसऱ्या मजल्यावर. त्याचं डोकं फोडायचंय."

"अरे बापरे! कशाने?"

"ते वर गेल्यावर बघीन. मिळेल काहीतरी."

"केलं काय त्याने?"

झालं. मला एवढंच हवं होतं. "पाच महिने, सगळ्या सुट्ट्या घालवून मी एक लघुपट केला. तुमच्या या सभागृहाने निवडला. पुढच्या शुक्रवारी मोठ्या पडद्यावर दाखवणार आहेत. आणि आज सकाळी हा माणूस मला दोन ओळी पाठवतो. 'प्रवेशिका क्रमांक सत्तेचाळीस. आवाज अमान्य, अनकॉम्प्रेस्ड आवाज पाठवा.' नमस्कार नाही, चमत्कार नाही! नुसती नकारघंटा वाजवत बसायचं. सिनेमा पाहिला तरी असेल का त्याने?"

"पाहिला असेल," तो म्हणाला. "चला, उचलूया?"

उरलेले दोन मजले मीच बोलत होते. तो उलटा, एकेक पायरी चाचपत चढत होता आणि 'हं', 'हो का', 'फारच वाईट' असं म्हणत होता. तिसऱ्या मजल्यावर त्याने स्पीकर खाली ठेवला, खिशातून किल्ली काढली आणि समोरचं दार उघडलं. दारावर लिहिलं होतं – तांत्रिक तपासणी.

"या," तो म्हणाला. "आता फोडा."

मी दारावरची पाटी पुन्हा एकदा वाचली.

"तीनदा पाहिला तुमचा सिनेमा," तो दार धरून उभा राहिला. "तिसऱ्यांदा पाहिला तो... कामासाठी नव्हता."

• • •

सिनेमा माझ्या आत्यावर आहे. एकोणीस मिनिटांचा.

आत्या कपबश्यांच्या कारखान्यात काम करते. भट्टीतून निघालेला प्रत्येक कप तिच्या टेबलावर येतो. ती तो दोन बोटांवर तोलते, पेन्सिलीएवढ्या लाकडी कांडीने हलकेच टिचकी मारते आणि ऐकते. चांगला कप उजव्या ट्रेमध्ये, तडकलेला डाव्या. तो तडा डोळ्याला दिसत नाही. केसाहून बारीक असतो, पण गरम चहा पडला की कप हातात दुभंगतो. एकतीस वर्षं आत्या हे कानाने ओळखत आली आहे. आता कारखान्यात यंत्र आलंय आणि पुढच्या शनिवारी, म्हणजे सिनेमा दाखवणार त्याच्या दुसऱ्याच दिवशी, आत्या निवृत्त होणार आहे.

तिच्या खात्यातल्या निम्म्या लोकांना वाटतं की बाई आपल्या अंदाजपंचे कप इकडेतिकडे ठेवतात. मॅनेजर तर एकदा सगळ्यांसमोर हसून तसं म्हणालाही होता. आत्या घरी येऊन काही बोलली नाही, फक्त त्या दिवशी जेवली नाही. म्हणून मी सिनेमात एक जागा अशी ठेवली होती, जिथे कोणी काही बोलत नाही. दोन पांढरे कप, अगदी सारखे. टिचकी. उजवीकडे. टिचकी. डावीकडे. मग तसेच आणखी काही कप. बघणाऱ्याने स्वतःच ऐकायचं आणि स्वतःच ओळखायचं. शुक्रवारी सगळं खातं येणार होतं, मॅनेजरसकट.

"नेमकं तेच ऐकू येत नाहीये," तो म्हणाला. त्याच्या खोलीच्या भिंती जाड फोमने मढवल्या होत्या. तिथे आपलाच आवाज आपल्याला परका वाटत होता. "तुमचं सॉफ्टवेअर आवाज दाबून देतं. फाइल लहान व्हावी म्हणून, जे कोणाला ऐकू येणार नाही ते काढून टाकतं."

"कोणाला ऐकू येणार नाही ते ठरवतं कोण?"

"सॉफ्टवेअरच."

"आणि माझ्या आत्याला ऐकू येत असेल तर?"

तो क्षणभर माझ्याकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "म्हणून तर परत मागवला. चित्र उत्तम आहे, त्याला हात लावू नका. फक्त आवाज वेगळा पाठवा, न दाबलेला. वेव्ह फाइल म्हणतात त्याला. पुढच्या सोमवारी दुपारी बारापर्यंत मुदत आहे."

"आणि नाही जमलं तर?"

"तर सत्तेचाळीस नंबर मोठ्या पडद्यावर नाही. बाहेर व्हरांड्यात टीव्ही आहे, तिथे दाखवतात."

व्हरांड्यात! येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गोंगाटात आत्याची टिचकी!

"जमेल," मी म्हणाले आणि उठले. दारापाशी आठवलं की मी भांडायला आले होते. वळून पाहिलं तर तो अजून माझ्याकडेच बघत होता.

"डोक्याचं राहिलं," तो म्हणाला.

"उधार ठेवा," मी म्हणाले, आणि जिना उतरताना विनाकारण हसत राहिले.

• • •

माझं सॉफ्टवेअर म्हणजे घरगुती आवृत्ती. वाढदिवसाचे व्हिडिओ करणाऱ्यांसाठी असतं ना, ते. त्यात 'बाहेर काढा' असं बटण दाबलं की विचारतं, मोबाइलसाठी, टीव्हीसाठी, की नुसता आवाज? नुसता आवाज म्हटलं की तीन पर्याय येतात – चांगला, अधिक चांगला, सर्वोत्तम. मी मोठ्या आशेने 'सर्वोत्तम' निवडलं. तोही एमपी-थ्रीच निघाला, म्हणजे दाबलेलाच.

कंपनीच्या मदतकेंद्राला लिहिलं. उत्तर आलं की न दाबलेला आवाज फक्त व्यावसायिक आवृत्तीतून निघतो, घरगुती वापरकर्त्यांना या सोयीची गरज भासत नाही. मला गरज भासतेय, असं मी कळवलं. त्यावर पुन्हा तेच उत्तर आलं. व्यावसायिक आवृत्ती माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर उघडतही नव्हती.

मी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते. गिऱ्हाइकाला फ्रेम दाखवता दाखवता दोन दिवस मी हाच विचार करत होते. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मला एक संकेतस्थळ सापडलं. एमपी-थ्री द्या, वेव्ह घ्या. दिली. घेतली. फाइल एकदम दहापट मोठी झाली! मला वाटलं, गेलेलं सगळं परत आलं. तशीच पाठवून दिली आणि देवासमोर... म्हणजे दुकानातल्या आरशासमोर हात जोडले.

गुरुवारी सकाळी निरोप आला.

'प्रवेशिका क्रमांक सत्तेचाळीस. आवाज मंजूर.'

खाली थोडी जागा सोडून आणखी एक ओळ होती. 'शुक्रवारी साडेपाचला मोकळ्या असाल तर समोरच्या कॅफेत चहा? हे कार्यालयीन नाही.'

मी निरोप चारदा वाचला. पहिल्या ओळीसाठी एकदा आणि दुसरीसाठी तीनदा.

शुक्रवारी तो माझ्या आधी येऊन बसला होता. केस ओले, नीट विंचरलेले.

"चष्म्याच्या दुकानात असता ना? मग माझ्या डोळ्यांकडे बघून काय वाटतं?" त्याने विचारलं.

"नंबर आहे. डाव्याला जास्त. लांबच्या पाट्या वाचताना डोळे बारीक करता."

"जवळचं दिसतं की पण," तो म्हणाला आणि जवळचं बघत राहिला. मी साखर घालायची विसरून चहा ढवळत बसले.

आम्ही खूप बोललो. लहानपणी तो रेडिओ उघडून बसायचा आणि त्याची बहीण त्याला 'कान्या' म्हणायची. मी हट्टी आहे, हे मीच सांगून टाकलं, नंतर तक्रार नको. सगळं छान चाललं होतं. फक्त सिनेमाचं नाव काढलं की तो कपाकडे बघायचा... मला वाटलं, लाजतोय.

• • •

शनिवारी सकाळी आत्याला सुट्टी होती. मी दादाचे मोठे हेडफोन तिच्या कानांवर चढवले आणि म्हटलं, "बघ, मंजूर झाला. अगदी शुक्रवारी ऐकू येईल तसाच आहे."

आत्या ताठ बसून बघत होती. त्या दोन कपांची जागा आली. टिचकी... टिचकी. तिने हात वर करून मला थांबवलं.

"हे कोणाचे कप गं?"

"तुझेच. तुझ्या टेबलावरचे."

"छे. हे दोन्ही तडकलेले आहेत."

"अगं, पहिला चांगला आहे. तूच नाही का उजवीकडे ठेवलास?"

तिने पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि स्वतःच्या बोटांकडे बघत म्हणाली, "मग त्या दिवशी मी चुकले असणार. वय झालं, दुसरं काय?"

एकतीस वर्षांत तिला कधी स्वतःच्या कानांची शंका आली नव्हती. ती माझ्या सिनेमाने आणली. मी धावत जाऊन रेकॉर्डरमधलं मूळ रेकॉर्डिंग आणलं, त्याला हेडफोन जोडले, तेच दोन कप ऐकवले.

"हा चांगला," आत्या लगेच म्हणाली. "आणि हा तडकलेला. शेवटी बारीक शेपूट असतं ना आवाजाला, ते याचं तुटलंय. मघाशी दोन्हींचं तुटलं होतं."

मी चपला पायात घातल्या न घातल्या आणि निघाले.

तो खोलीत एकटाच होता. मला बघून त्याचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. त्यावरूनच मला कळलं.

"तुम्हाला माहीत होतं."

खोटं बोलायला त्याला पुरेसा वेळ होता. तो बोलला नाही. "हो," म्हणाला, "पहिल्या दहा सेकंदांत कळलं." त्याने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. माझ्या आवाजाचं चित्र होतं त्यावर. खालचा भाग दाट भरलेला आणि वरचा सगळा कोरा, सुरीने कापल्यासारखा. "दाबलेला आवाज मोठ्या डब्यात ठेवला, तर डबा मोठा होतो. एकदा काढून टाकलेलं परत येत नाही."

"मग मंजूर का केलात?"

त्याने पडदा परत स्वतःकडे वळवला. "दुसऱ्यांदा नाकारला असता तर तुम्ही परत आला असतात. भांडायला. पण... चहाला आला नसतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "एका चहासाठी? शुक्रवारी तिचं सगळं खातं समोर बसणार, आत्या दोन सारख्या वाजणाऱ्या कपांतला एक उजवीकडे ठेवणार, दुसरा डावीकडे आणि सगळे हसणार! ते तिला म्हणतात ना अंदाजपंचे, त्याचा पुरावाच दिला असतात तुम्ही. माझ्या हातून!"

"हो," तो म्हणाला. त्याने काहीही सारवासारव केली नाही.

"नाकारा मला."

"काय?"

"लिहा. आत्ता, माझ्यासमोर. आवाज अमान्य."

त्याने लिहिलं. त्याचे कान लाल झाले होते. मला खूप रडू येत होतं, पण त्याच्यासमोर रडायचं नाही हे मी ठरवलं होतं.

"आता रस्ता सांगा. कितीही लांबचा असला तरी चालेल."

"मूळ रेकॉर्डिंग सगळी आहेत?"

"एकूण एक."

"मग रस्ता आहे. आवाजाचं काम करणारं एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, ते न दाबता बाहेर काढतं. पण तुमचा सिनेमा त्यात उघडणार नाही. एकेक तुकडा मूळ रेकॉर्डिंगमधून पुन्हा कापायचा आणि चित्राच्या वेळेशी जुळवून पुन्हा मांडायचा. हाताने. किती तुकडे आहेत?"

"एकशे त्रेसष्ट."

"सोमवारी बाराला मुदत संपते."

"होतील."

"आणि तुमची फाइल आता मी तपासू शकत नाही," तो उठून उभा राहिला. "आमच्या विभागप्रमुख आहेत ना, मोठ्या बाई, त्या तपासतील. का, तेही मी त्यांना सांगणार आहे."

"ते तुमचं तुम्ही बघा," म्हणत मी बाहेर पडले आणि जोरात दार आपटलं. फोम लावलेलं दार आपटलं तरी वाजत नाही, याचा मला आणखीच राग आला.

• • •

रविवारी सकाळी सातला मी कामाला बसले. लॅपटॉपवर माझा सिनेमा, दादाच्या खोलीतल्या संगणकावर ते फुकटचं सॉफ्टवेअर. लॅपटॉपवर वेळ बघायची, कागदावर लिहायची, दादाच्या खोलीत पळायचं, तुकडा कापायचा, मांडायचा, परत पळायचं. अकरा वाजेपर्यंत एकतीस तुकडे झाले होते आणि माझे पाय दुखायला लागले होते. या वेगाने सगळं संपायला सोमवारची पहाट झाली असती. पण थांबायचं नाही एवढंच मला कळत होतं.

बेल वाजली. दारात तो उभा होता.

"बाईंना सगळं सांगितलं," तो एका दमात म्हणाला. "आता तुमच्या सिनेमाशी माझा कार्यालयीन संबंध नाही. आकडे वाचून दाखवायला माणूस लागेल असं वाटलं. नको असेल तर जातो."

"कोण आहे गं?" आतून आत्याने विचारलं.

"तुला खोटं पाडणारा."

"मग आत घे की. बघू तरी कसा दिसतो."

आत्याने त्याला खुर्चीवर बसवलं, चहा विचारला नाही, आणि फडताळातून दोन कप काढून त्याच्यासमोर ठेवले. खिशातून कांडी काढली. ती कांडी तिच्या खिशात सुट्टीच्या दिवशीही असते.

"आवाजातलं कळतं म्हणे तुला. सांग, यातला तडकलेला कुठला?"

टिचकी. टिचकी. त्याने डोळे मिटले. "पुन्हा एकदा?" टिचकी. टिचकी. मी दारातून बघत होते. अंदाजाने एक बोट दाखवलं असतं तरी निम्मी संधी होती आणि मला खात्री होती की तो दाखवणारच.

त्याने डोळे उघडले. "नाही कळलं, आत्या."

"बघ हं. सांगून टाक एखादा."

"नको. खरंच नाही कळलं. तुम्ही शिकवाल का?"

आत्याने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "चहा टाक." माझा राग तेव्हाच पुरता गेला असता, पण मी तो हट्टाने धरून ठेवला.

"माऊसला हात लावायचा नाही," मी त्याला बजावलं. "लॅपटॉपसमोर बसायचं, बाणाची बटणं दाबायची आणि मोठ्याने वाचायचं. बाकी काही नाही."

"बाकी काही नाही," तो म्हणाला.

मी लॅपटॉप उचलून दादाच्या खोलीत आणला. तो वेळ वाचू लागला, आधी मिनिटं, मग सेकंद, शेवटी चित्राची चौकट. "दोन मिनिटं, चौदा सेकंद, सात." मी मांडायचे. "झालं." "दोन मिनिटं, एकोणीस सेकंद, तीन." "झालं." दुपारपर्यंत आमची लय बसली. पंचाण्णव झाले, एकशे दहा झाले. मध्ये एकदा माझ्या हातून सहा तुकडे एकदम पुसले गेले. मी टेबलावर डोकं टेकलं. त्याचा हात माऊसच्या दिशेने आला... थांबला... आणि परत मागे गेला.

"सात मिनिटं, दोन सेकंद, अकरा," तो हळूच म्हणाला. "तिथून परत घेऊया. मी आहे."

मी डोकं वर केलं आणि परत घेतलं.

एकशे त्रेसष्टावा तुकडा मांडला तेव्हा संध्याकाळचे साडेपाच झाले होते. शेवटाला आवाज चित्राच्या अर्धा सेकंद मागे पडत होता. भट्टीचं दार उघडतानाचं एक दृश्य मी कधीतरी संथ केलं होतं आणि विसरले होते. ते शोधायला तासभर गेला. मग मी 'बाहेर काढा' दाबलं. यादीत सगळ्यात वर लिहिलं होतं – वेव्ह. कोणी विचारलं नाही, की मी घरगुती आहे की व्यावसायिक.

आत्याच्या कानांवर हेडफोन चढवले. ती त्या जागेपाशी आली. टिचकी. "उजवीकडे," ती म्हणाली. टिचकी. "डावीकडे." मग हेडफोन काढून ठेवले, त्याच्या पाठीवर एक थाप मारली आणि स्वयंपाकघरात गेली. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो. तो काहीतरी बोलणार असं वाटलं. पण त्याने फक्त बॅग उचलली. "शुक्रवारनंतर बोलेन," म्हणाला. "आधी तुमचं काम होऊ दे."

सोमवारी पावणेबाराला मोठ्या बाईंचा निरोप आला, 'मंजूर.'

• • •

शुक्रवारी दुपारी चारला सभागृह भरलं होतं. तिसऱ्या रांगेत आत्या, दोन्ही बाजूंना तिचं खातं आणि टोकाला मॅनेजर, मोबाइलमध्ये बघत. मी आत्याच्या मागच्या खुर्चीत बसले होते.

दोन पांढरे कप पडद्यावर आले. टिचकी. तो आवाज सभागृहाच्या छतापर्यंत गेला आणि बारीक होत होत कुठेतरी विरला. आत्याने कप उजवीकडे ठेवला. दुसरा कप. टिचकी. आणि पडद्यावरच्या आत्याचा हात हलायच्या आत मागच्या रांगेतून कोणीतरी न राहवून मोठ्याने म्हणालं, "तडकलाय!"

लोक हसले. पण आत्याला नव्हे, आनंदाने. पुढचा कप आला तेव्हा दहा-बारा जण म्हणाले, "चांगला!" त्याच्या पुढच्याला निम्मं सभागृह म्हणालं, "तडकलाय!" मॅनेजरने मोबाइल खिशात घातला होता. त्याने मान तिरकी करून ऐकलं आणि एकदा चुकीचंच उत्तर दिलं. शेजारची बाई त्याला म्हणाली, "साहेब, नीट ऐका." माझ्या पुढ्यात आत्याचे खांदे हलत होते. मला वाटलं रडते आहे. वाकून पाहिलं तर तोंडावर पदर धरून हसत होती. रडत मी होते.

दिवे लागल्यावर खात्यातल्या सगळ्यांनी तिला घेरलं. मी बाहेर आले. मला त्याला शोधायचं होतं. प्रवेशद्वाराशी मोठ्या बाई उभ्या होत्या. चष्मा कपाळावर, हातात कागद.

"सत्तेचाळीस ना तुम्ही?" त्या म्हणाल्या. "छान झालं. तुमचा माणूस मागच्या अंगणात खुर्च्या उचलतोय. या वर्षापुरतं तपासणीचं काम काढून घेतलंय त्याच्याकडून. खोटी मंजुरी दिली, हे त्याने स्वतःच लेखी कळवलं. त्या फॉर्मवर 'कारण' असा रकाना असतो. लोक तिथे 'नजरचुकीने' लिहितात."

"त्याने काय लिहिलं?"

"ते त्यालाच विचारा," म्हणत त्यांनी चष्मा नाकावर घेतला. ओठ घट्ट मिटले होते, पण त्यांना हसू आवरत नव्हतं.

अंगणात तो खुर्च्या एकावर एक रचत होता. मला बघून त्याने हातातली खुर्ची तशीच धरून ठेवली.

"ऐकलं मी बाहेरून," तो म्हणाला. "सगळे ओरडत होते. आत्या खूश आहेत?"

"फॉर्मवर काय लिहिलंत?"

तो गोंधळला. "बाईंनी... त्यांनी सांगायला नको होतं."

"त्यांनी नाही सांगितलं. तुम्ही सांगा. कारणाच्या रकान्यात काय लिहिलंत?"

त्याने खुर्ची खाली ठेवली. हात पँटला पुसले. "लिहिलं की, 'प्रवेशिका पाठवणारी व्यक्ती मला आवडू लागल्यामुळे.'" मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "खोटं लिहायचं नव्हतं पुन्हा."

सभागृहातून लोक अंगणात यायला लागले होते. कोणीतरी कोणाला तरी कप वाजवायची नक्कल करून दाखवत होतं. माझं काळीज असं धडधडत होतं की ते तिसऱ्या मजल्यावर ऐकू गेलं असतं.

"उद्या काय करतोयस?" मी विचारलं. 'तू' कधी म्हटलं, मलाही कळलं नाही.

"उद्या? काही नाही. माझ्याकडे सध्या कामच नाहीये."

"आत्याचा शेवटचा दिवस आहे. चार वाजता कारखान्यात तिचा निरोप समारंभ आहे. घरचे सगळे जाणार आहेत. तूही चल."

"मी? मला तिथे कोण ओळखतं? काय म्हणून येऊ?"

"ते वाटेत ठरवू."

"वाटेत नको," तो म्हणाला. आता तो थेट माझ्याकडे बघत होता. "आत्ता सांग."

मी एक खुर्ची ओढली, बसले, परत उठले. त्याने घाई केली नाही. वाट बघत उभा राहिला.

"माझा म्हणून ये," मी म्हणाले. "मला तू आवडतोस. चहाच्या दिवशी आवडला होतास, शनिवारी अजिबात आवडला नाहीस, आणि रविवारपासून इतका आवडतोयस की मी चार दिवसांत दोन गिऱ्हाइकांना चुकीची फ्रेम दिली."

तो हसला नाही. त्याने दोन पावलं पुढे येऊन माझा हात हातात घेतला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांकडे अजिबात लक्ष न देता म्हणाला, "किती वाजता निघायचं?"

"तीनला," मी म्हणाले, "आणि उशीर करू नकोस."